शाळा आणि शाळेनंतरचे आयुष्य

दहावीचा निकाल लागला, की गुण किती पडले हे सारे विचारतात. मुलाला आता काय करता येते, हे कोणी विचारीत नाही. माध्यमिक शाळेच्या पुनर्रचनेचा विचार या न विचारलेल्या प्रश्नापासून सुरू झाला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

प्रश्न जुनाच आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी उद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशी शाळा सुचविल्या. शेती, तंत्र, वाणिज्य असे निराळे अभ्यासक्रम त्यांत होते. परंतु हुशार मुलाने पुस्तकाकडे आणि मागे पडलेल्याने हत्याराकडे जावे, ही आपली समजूत काही हलली नाही. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव सर्वांसाठी सांगितला. पुष्कळ शाळांत त्याच्या वाट्याला एखादा तास आणि कागदाची फुले आली.

मग करावे काय? पुणे जिल्ह्यातील पाबळ या गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथे आठवी ते दहावीच्या मुलांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख करून देणारा विषय तयार झाला. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य हे त्याचे चार विभाग. आठवड्यातून एक दिवस मुलगे आणि मुली चारही विभागांची कामे शिकतात.

याचे मर्म कामाच्या खरेपणात आहे. माती तपासणे, रक्तगट पाहणे, लोखंडी वस्तू बनविणे अशा सेवा मुले गावाला देतात. वहीतली चूक लाल शाईने भागते. दाराचे माप चुकले तर दार लागतच नाही. माप, माल आणि खर्च यांचा मेळ घालताना गणित आपोआप अंगी मुरते.

येथे एक शंका रास्त आहे : गरिबाच्या मुलाला हातोडा आणि सधनाच्या मुलाला पुस्तक, अशीच वाटणी पुन्हा होणार नाही काय? हा विषय केवळ खेड्यांपुरता वा कच्च्या मुलांपुरता ठेवला, तर निश्चित होईल. म्हणून तो शहरातील नामांकित शाळांतही असला पाहिजे, आणि त्याचे गुण परीक्षेत खरोखर मोजले गेले पाहिजेत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार यांच्यासारख्या जाणत्यांच्या हाताखाली घालविण्यास सांगितले आहे. सुरुवात म्हणून ते ठीक. परंतु दहा दिवसांत ओळख होते, हात बसत नाही. हात बसायचा, तर वेळापत्रकातला एक पूर्ण दिवस आपण मोकळा करावयास हवा. त्यासाठी कोणता तास सोडायचा, हे पालक आणि शिक्षक यांनी एकत्र बसून ठरवावे.