ड्रायव्हरचा फटका : बळापेक्षा मेळ मोलाचा

7 ऑगस्ट 2021. जपानमधील कासुमिगासेकीच्या मैदानावर टोकियो ऑलिंपिकमधील महिला गोल्फची अखेरची फेरी सुरू होती. गोल्फ कधीही न पाहिलेली असंख्य भारतीय घरे त्या शनिवारी सकाळी दूरचित्रवाणीसमोर बसली होती. जागतिक क्रमवारीत 200व्या स्थानी असलेली बंगळुरूची अदिती अशोक शेवटच्या होलपर्यंत पदकाच्या शर्यतीत टिकून होती आणि तिची बॅग सांभाळत होती तिची आई. अखेर एका फटक्याच्या फरकाने पदक हुकले व अदिती चौथी आली.

त्या चार दिवसांत एक गोष्ट जाणकारांच्या नजरेत भरली. टीवरून ड्रायव्हरने मारलेला अदितीचा पहिला फटका बहुतेक प्रतिस्पर्धी खेळाडूंपेक्षा आखूड पडत होता. साहजिकच दुसरा फटका तिला अधिक लांबून खेळावा लागे. ही तूट तिने ग्रीनवरील अचूक खेळाने भरून काढली. यातून दोन बोध मिळतात. लांब फटका म्हणजे संपूर्ण खेळ नव्हे. मात्र पहिला फटका आखूड पडला की पुढच्या प्रत्येक फटक्यावरचा भार वाढतो.

चेंबूरच्या किंवा येरवड्याच्या मैदानावर रविवारी सकाळी खेळणाऱ्या व्यावसायिकाची अडचण मात्र वेगळी असते. तो ड्रायव्हर हाती घेतो, सारे बळ एकवटून फिरवतो आणि चेंडू उजवीकडे वळत झाडीत शिरतो. चेंडू हद्दीबाहेर गेला तर नियमानुसार दंडाचा एक फटका पदरी पडतो आणि पुन्हा टीवरूनच खेळावे लागते. म्हणजे होलची सुरुवात होते न होते तोच तिसरा फटका! पेढीवर असा तोटा कोणी दोनदा सोसणार नाही. मैदानावर मात्र तोच माणूस वर्षानुवर्षे सोसत राहतो.

वेग तोच, फळ वेगळे

ट्रॅकमॅन या रडारयंत्राच्या मोजणीनुसार सर्वसाधारण हौशी पुरुष खेळाडूच्या ड्रायव्हरचा वेग ताशी सुमारे 93 मैल असतो. अमेरिकेतील व्यावसायिक महिला खेळाडूंचा सरासरी वेगही ताशी 94 मैलांच्या आसपासच भरतो. तरीही त्यांचा चेंडू अधिक लांब जातो आणि बहुधा फेअरवेवरच थांबतो. याचा अर्थ हौशी खेळाडूत बळाची उणीव नसते. उणीव असते ती मेळाची.

या महिला खेळाडूंचा ड्रायव्हर सरासरीने सुमारे 3 अंश वर चढत असताना चेंडूला भिडतो, तर हौशी पुरुषाचा खाली उतरत असताना. खालून वर जाणाऱ्या फटक्याने चेंडू उंच उडतो आणि त्याची उलटी फिरकी घटते. त्यामुळे त्याच वेगात अधिक अंतर मिळते. जमिनीवरचा चेंडू आयर्नने मारताना खाली उतरणारा फटका योग्य असतो. ड्रायव्हरचा चेंडू टीवर उंच बसवलेला असतो, म्हणून त्याची रीत निराळी.

उभे राहण्यातच निम्मे यश

हा चढता फटका बव्हंशी फटक्यापूर्वीच ठरतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याने चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या बाजूच्या रेषेत ठेवावा. टी इतकी उंच असावी, की ड्रायव्हर जमिनीवर टेकवला असता साधारण अर्धा चेंडू त्याच्या माथ्यावर दिसेल. पावलांमधील अंतर खांद्यांच्या रुंदीपेक्षा किंचित अधिक असावे. उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली आणि शरीराचा वरचा भाग लक्ष्यापासून किंचित मागे झुकलेला असावा. एवढे साधले, की चेंडू उचलण्याचा वेगळा खटाटोप करावा लागत नाही.

पकड घट्ट आवळली की मनगटे व बाहू ताठरतात आणि वेग मरतो. क्लब हातातून निसटणार नाही इतपतच ती असावी. खाली पाहिल्यावर डाव्या हाताच्या बोटांची दोन ते तीन पेरे दिसणे, ही बहुतेकांसाठी चांगली खूण होय.

क्रम चुकला की दिशा चुकते

बॅकस्विंगमध्ये खांदे साधारण 90 अंश वळतात, तर कंबर त्याच्या निम्मी. तेथून परतताना प्रारंभ खालून व्हावा लागतो. प्रथम भार डाव्या पायावर सरकतो, मग कंबर वळते, त्यामागून खांदे, बाहू आणि सर्वांत शेवटी क्लब येतो. उतावीळ खेळाडू उजव्या खांद्यापासूनच सुरुवात करतो. त्यामुळे क्लब बाहेरून आत येतो आणि त्याच्या मार्गाच्या तुलनेत फेस उघडा राहिला, तर चेंडू उजवीकडे वळतो. हाच तो बदनाम ‘स्लाइस’. त्यावर उपाय म्हणून खेळाडू आणखी डावीकडे रोख धरतो. त्याने क्लबचा मार्ग अधिकच तिरपा होतो आणि दुखणे बळावते.

सरावाची शिस्त

सरावासाठी रोज तासभर मिळाला नाही तरी चालेल. आठवड्यातून दोनदा अर्धा तास नेमाने द्यावा. प्रथम पावले जुळवून हळुवार फटके मारावेत. तोल आणि ताल दोन्ही कळू लागतात. मग पूर्ण पवित्रा घेऊन सुमारे तीन चतुर्थांश जोराने खेळावे. ड्रायव्हरच्या फेसवर पावडरचा पातळ थर द्यावा. चेंडू नेमका कोठे लागला याची खूण त्यावर उमटते. क्लब आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरता टिकतो. तेवढ्या क्षणात फेसचा मध्य साधणारा संथ फटका कडेला लागलेल्या जोरकस फटक्याला सहज मागे टाकतो.

शरीराचीही काळजी हवी. आठवडाभर गादीवर किंवा खुर्चीत बसलेली कंबर पहिल्याच टीवर पूर्ण पीळ सोसू शकत नाही. खांदे, कंबर आणि मांड्या दहा मिनिटे सैल केल्याशिवाय ड्रायव्हरला हात लावू नये. कंबरदुखी जुनी असेल, तर वैद्यकीय सल्ला आधी आणि स्विंग नंतर.

अदितीची वाटचाल टोकियोनंतर थांबली नाही. 2023 मध्ये तिने केनियातील स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये प्लेऑफपर्यंत मजल मारून ती उपविजेती ठरली. हौशी खेळाडूचे उद्दिष्ट याहून पुष्कळ साधे असू शकते. पुढच्या दहा फेऱ्यांत टीवरून किती चेंडू फेअरवेवर राहिले आणि किती हरवले, याची नोंद त्याने प्रत्येक फेरीनंतर वहीत करावी. हरवलेल्या चेंडूंचा रकाना आखडू लागला, की स्विंग सुधारत असल्याचे ती वहीच सांगेल.