गंगातीरी गाय आणि सामायिक शिवार

वाराणसीच्या परिसरात गंगेचा पूर ओसरल्यावर काठच्या दियारा जमिनीवर जो गाळ साचतो, तो महसुली दफ्तरातील सरहद्दींची फारशी पर्वा करीत नाही. आणि माझ्या मते तेथील कृषिजीवनाचे अर्धे मर्म या बेपर्वाईतच आहे. येथला गंगातीरी गोवंश दूध व ओढकाम या दोन्हींसाठी उपयुक्त. कापणीनंतरच्या मोकळ्या शिवारात जेव्हा अनेकांची गुरे एकत्र चरतात, तेव्हा मनुष्याला अपचनीय असलेले धसकटांतील सेल्युलोज त्यांच्या जठरातील सूक्ष्मजीव विघटित करतात, आणि शेणमूत्रावाटे नत्र व स्फुरद, ते कोणाच्या खात्यावर पडले याची चौकशी न होता, मातीत परततात. मात्र चराई बेसुमार झाली, तर माती घट्ट दबून पाणी मुरेनासे होते. म्हणून गुरे किती व केव्हा सोडावीत, हे शेजाऱ्यांनी मिळूनच ठरवावे लागते.