सौदा तिचा, तर बोलणेही तिचेच

आपल्या धंद्यात परदेशी जाणे हे पुरुषांचे काम, असे वर्षानुवर्षे चालत आले. रंग निवडण्यात, कशिद्यात, शिलाईत घरच्या बायकांचा हात असतोच. पण नमुन्यांची बॅग घेऊन विमानात बसायचे ते पुरुषांनी. आता शिकलेल्या मुली-सुना हिशेब पाहतात, गिऱ्हाइकाशी पत्रव्यवहार करतात आणि परदेशी प्रदर्शनालाही जातात. तेथे गेल्यावर अडचण नेमकी कोठे येते, हे आम्ही नुकसान सोसून शिकलो. वाचक बंधू-भगिनींना त्याचा उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहोत.

आमचा व्यापार टेरी टॉवेलचा. काही वर्षांपूर्वी दुबईतील एका हॉटेलच्या खरेदीदाराशी बोलणी ठरली. नमुने आमच्या भाचीने तयार करून घेतले होते, भावही तिनेच काढले होते. तरीही आम्ही सोबत पुतण्याला पाठवले आणि बजावले, "अरब लोक बाईशी सौदा करीत नाहीत. बोलणे तू कर."

खरेदीदाराने ७० बाय १४० सेंटिमीटरच्या टॉवेलचा भाव विचारला, वजन चौरस मीटरला ६०० ग्रॅम. पुतण्याने घाईत ५०० ग्रॅमचा भाव सांगून टाकला. एका टॉवेलमागे ९८ ग्रॅमचा फरक. ४,००० नगांवर ३९२ किलो माल फुकट जाणार होता. भाचीने तेथल्या तेथे चूक दुरुस्त केली. तेव्हा खरेदीदाराने शांतपणे विचारले, "तुमच्यात शब्द कोणाचा? मी त्यांच्याशीच बोलतो." ऑर्डर हातची गेली. एकाच पेढीचे दोन भाव ऐकल्यावर त्यांचा भरवसा उडाला होता. त्यांना बाईशी बोलण्याची हरकत नव्हती. हरकत आमच्या मनात होती.

तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी वेगवेगळ्या धरतो : त्या देशाचा कायदा, तेथील रिवाज आणि आपला समज.

कायदा सगळीकडे सारखा नाही. दुबईत बाईने डोके झाकावे अशी कायद्याची सक्ती नाही. मॉलमध्ये मात्र खांदे आणि गुडघे झाकावेत अशी सूचना लावलेली असते. सौदी अरबमध्ये २०१९ साली पर्यटक व्हिसा सुरू झाला, तेव्हा परदेशी स्त्रियांना अबाया सक्तीचा नाही, शालीन पोशाख पुरे, असे जाहीर झाले. त्याच वर्षी स्त्रियांना एकट्याने हॉटेलात खोली घेण्याची मुभाही मिळाली. इराणात मात्र डोके झाकण्याचा कायदा परदेशी पाहुणीलाही लागू आहे. म्हणून दहा वर्षांपूर्वी कोणी सांगितलेल्या गोष्टीवर विसंबू नये. जाण्यापूर्वी त्या देशाच्या वकिलातीकडून चालू नियम विचारून घ्यावेत.

रिवाज नरमाईने सांभाळावा लागतो. आखाती देशांत बाईने हात पुढे केल्याशिवाय पुष्कळ पुरुष हस्तांदोलन करीत नाहीत. तो अपमान समजू नये. तिला स्वतःला हात मिळवायचा नसेल तर छातीवर हात ठेवून सलाम करावा, कोणी वाईट मानत नाही. कहवा आला की निदान एक फिंजान घ्यावा. पुरे झाला की फिंजान हलवून परत द्यावा. भेटीचा वार ठरवताना सुटी पाहावी. सौदीत शुक्रवार-शनिवारी सुटी असते. अमिरातीत सरकारी कचेऱ्यांना २०२२ पासून शनिवार-रविवार सुटी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम, तर शारजात शुक्रवारपासून तीन दिवस सुटी.

आता आपल्या बाजूची तयारी. आपल्याकडे अनेक बायकांच्या पासपोर्टवर एकच नाव असते, वडिलांचे वा घराण्याचे नाव रकान्यात नसते. अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून अशा एकेरी नावाच्या प्रवाशांवर बंधन आणले आहे. तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी पासपोर्ट तपासावा. लग्नानंतर नाव बदलले असल्यास पासपोर्ट, व्हिजिटिंग कार्ड आणि पेढीचे कागद यांवर एकच नाव असावे. कार्डावर तिचा हुद्दा स्पष्ट छापावा. 'भागीदार' असेल तर भागीदार. भाव कोठपर्यंत उतरवायचा आणि उधारी किती दिवसांची द्यायची, याचे अधिकारपत्र पेढीने तिला लेखी द्यावे. दर वेळी घरी फोन करून विचारणारा माणूस, बाई असो वा पुरुष, सौद्यात हलका पडतो.

पुढच्या खेपेला भाचीच बोलली. पुतण्या नमुने उघडून दाखवत होता आणि टिपणे घेत होता. त्या खेपेची ऑर्डर आमच्याकडे आजही चालू आहे.

सोबतीला माणूस जरूर पाठवावा, परक्या मुलखात सोबत चांगलीच. पण विमानात बसण्यापूर्वी त्याला एवढे समजावून सांगावे, की भाव विचारला तर उत्तर तिने द्यायचे.