साडेपाच अक्षांशांची वाट

फराळाचे डबे डिकीत रचून, कोल्हापूरला मिसळ खाऊन आणि बेळगावचा कुंदा बरोबर घेऊन दिवाळीनंतर पुण्याकडच्या गाड्या बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत परततात. दोड्डतोगूर आणि कोनप्पन अग्रहार या खेड्यांच्या शिवारात ही वसाहत 1978 मध्ये आखली गेली. आज तिथल्या कॅन्टीनमध्ये मराठी सहज कानावर पडतं. पुणे साडेअठरा अंश उत्तरेला, इलेक्ट्रॉनिक सिटी तेराच्या किंचित खाली. म्हणजे घरी पोहोचेपर्यंत गाडी साडेपाच अक्षांश विषुववृत्ताकडे सरकलेली असते, आणि जवळपास निम्मी वाट उजव्या हाताला सह्याद्री असतो.

जीवशास्त्राला दोनशे वर्षं पडलेलं एक कोडं याच डोंगररांगेत मांडून ठेवलेलं आहे. विषुववृत्ताकडे जावं तशा प्राण्यांच्या प्रजाती वाढत का जातात?

वाढतात किती, ते आधी पाहू. ब्रिटनमध्ये फुलपाखरांच्या 59 प्रजाती नियमित दिसतात. पश्चिम घाट क्षेत्रफळाने त्याहून बराच लहान, पण तिथे त्या सव्वातीनशेच्या पुढे जातात. ब्रिटनचे मूळचे उभयचर सात. पश्चिम घाटात ते दोनशेहून अधिक असून त्यांतले बहुतेक जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत.

पहिलं उत्तर सुचतं ते ऊन आणि पाऊस. ऊर्जा जास्त, झाडोरा जास्त, म्हणून प्राणी जास्त. त्यात तथ्य आहे, पण ते पुरत नाही. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, आणि तरी बेडकांच्या प्रजातींत केरळचे डोंगर त्याच्या कितीतरी पुढे आहेत. फरक पावसाच्या वाटणीत आहे. महाबळेश्वरचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडून जातो आणि पुढचे सहा-सात महिने कोरडे जातात. अगस्त्यमलईकडे दोन्ही मोसमी वारे पाऊस देतात, त्यामुळे कोरडे महिने दोन-तीनच. बेडकाची कातडी ओली राहायला हवी. त्याला वर्षभराची एकूण बेरीज उपयोगाची नाही, पाण्याचा खंड किती लांबला हे त्याच्या जिवाशी असतं.

पश्चिम घाटातल्या रातबेडकांचा वंश याची साक्ष देतो. 2017 मध्ये सोनाली गर्ग, एस. डी. बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वंशातल्या सात नव्या प्रजाती नोंदवल्या, त्या सगळ्या केरळ-तमिळनाडूच्या डोंगरांतल्या. त्यांतल्या चार इतक्या चिमुकल्या की अंगठ्याच्या नखावर मावाव्यात.

दुसरं उत्तर काळाचं. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी 1878 मध्येच मांडलं होतं की हिमयुगांनी उत्तरेकडचे प्रदेश वारंवार पुसून काढले आणि उष्ण कटिबंधाला मात्र उत्क्रांतीसाठी सलग वेळ मिळाला. वीस हजार वर्षांपूर्वी ब्रिटनचा मोठा भाग बर्फाखाली होता. सह्याद्रीवर असा बर्फ कधी पसरला नाही. मग उत्तर सह्याद्री मागे का?

यातली गोम शोधायला खरोखरच गोम उपयोगी पडली. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत माधव गाडगीळ यांनी 1983 मध्ये परिसरविज्ञान केंद्राची उभारणी केली. त्याच केंद्रातल्या जाह्नवी जोशी आणि प्रवीण कारंथ यांनी पश्चिम घाटातल्या गोमींच्या जनुकांवरून त्यांची वंशावळ मांडली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा: सर्वांत जुन्या शाखा दक्षिण घाटात टिकून आहेत, उत्तरेकडच्या त्या मानाने अलीकडच्या. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थर चढले. ज्या काळ्या कातळात आपले किल्ले आणि लेणी उभी आहेत, तो हाच. उत्तरेत त्याने जंगलं गाडली असावीत, दक्षिण मात्र आसरा ठरली आणि पुढे तिथूनच जीव पुन्हा उत्तरेकडे पसरले. बेळगावच्या आसपास तो कातळ संपतो. बेंगळुरूच्या लालबागेत पायाखाली येणारा खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांचा आहे. लाव्हा तिथवर पोहोचलाच नाही.

वेळ मिळाला म्हणजे प्रजाती आपोआप फुटतात असं नाही, त्यांची ताटातूटही व्हावी लागते. डॅनियल जॅन्झन यांनी 1967 मध्ये एक गमतीशीर विधान केलं: उष्ण कटिबंधातल्या खिंडी प्राण्यांसाठी जास्त उंच असतात. थंड प्रदेशातला प्राणी वर्षभरात बर्फही सोसतो आणि ऊनही, म्हणून डोंगर ओलांडणं त्याला जड जात नाही. बारा महिने एकाच हवेत राहिलेल्या प्राण्याला खालची गरम दरीसुद्धा भिंत वाटते. निलगिरी आणि अनमलईच्या माथ्यांवर, शोला वनांत राहणारे छोटे गाणारे पक्षी असेच अडकले. मध्ये पालघाटची खिंड आहे, जेमतेम तीस-चाळीस किलोमीटर रुंद. दोन्हीकडचे पक्षी दिसायला बरेच सारखे, पण जनुकांनी वेगळे. बेंगळुरूच्याच राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात व्ही. व्ही. रॉबिन, उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी ही फारकत उलगडली आणि 2017 मध्ये त्यांतल्या काहींसाठी ‘शोलिकोला’ हा नवा वंश जाहीर झाला.

अपवादही पुष्कळ आहेत. पेंग्विन आणि सील थंडीकडेच जास्त. समुद्री माशांच्या नव्या प्रजाती तर ध्रुवांजवळच्या थंड पाण्यात अधिक वेगाने तयार होतात, असं डॅनियल राबोस्की यांच्या गटाने 2018 मध्ये दाखवलं. तरीही माशांची सर्वाधिक विविधता प्रवाळांच्या उष्ण समुद्रातच आहे. जन्मदर आणि शिल्लक हे दोन वेगळे हिशेब आहेत.

उत्तर सह्याद्रीही रिकामा नाही. आंबोलीचा पिवळा भेक 2009 मध्ये विज्ञानाला कळला. पावसाळ्याच्या सुरुवातीच्या सरींत सड्यावर पाणी साचतं, तेवढ्यात तो विणीचं काम उरकून घेतो.

बेंगळुरूलाही कोरडे महिने चुकलेले नाहीत, आणि त्यावरचा एक तोडगा शहराच्या कडेलाच सापडला. इलेक्ट्रॉनिक सिटी दक्षिणेच्या टोकाला, तर उत्तरेच्या टोकाला राजानकुंटे. तिथल्या पडीक माळावर मिळालेल्या, जमिनीत बीळ करून राहणाऱ्या एका बेडकाची 2020 मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंद झाली. त्याच्या शास्त्रीय नावाचा दुसरा शब्द आहे ‘बेंगळुरू’.