स्रोतसंहितेचे संकलन : विलंबाचा शोध

साहित्याच्या अभ्यासकाला ‘संकलन’ म्हटले की विखुरलेल्या रचना एकत्र आणणे आठवते. संगणकशास्त्रात मात्र ही संज्ञा भाषांतराच्या जवळ जाते. माणसाला वाचता येणारी स्रोतसंहिता कंपायलर प्रोसेसरच्या भाषेत उतरवितो. २००१ साली बंगळूर येथे भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोअर कंपनीचे अभियंते यांच्या प्रयत्नांतून लिनक्सवर चालणारा ‘सिम्प्युटर’ साकारला. अशा हातात मावणाऱ्या यंत्राची कार्यप्रणाली सामान्यतः मोठ्या संगणकावर संकलित करून मग त्यावर चढवितात. लहान यंत्राला ते काम पेलत नाही. परंतु मोठ्या संगणकावरही विलंब उरतोच. तो नेमका कोठे होतो?

याचे उत्तर अनुमानाने नव्हे, मोजमापाने मिळते. एकाच प्रोसेसरवर चाललेल्या संकलनात घड्याळी वेळ आणि प्रोसेसरने प्रत्यक्ष राबलेला वेळ जवळपास सारखे असतील, तर अडथळा गणनेत आहे. राबलेला वेळ बराच कमी असेल, तर प्रोसेसर डिस्कची वाट पाहत बसलेला असतो. स्मृती अपुरी पडली तरी हेच घडते.

काम अनेक प्रोसेसरांत वाटता येते, पण त्यालाही सीमा आहे. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली ती दाखविली. साठ मिनिटांच्या कामातील सहा मिनिटे अविभाज्य असतील, तर नऊ प्रोसेसरांवर ते बारा मिनिटांत होईल, अठरांवर नऊ मिनिटांत; सहाच्या खाली ते कधीच येणार नाही. सर्व तुकडे तयार झाल्यावर होणारी अंतिम जोडणी, म्हणजे लिंकिंग, बहुतांशी याच अविभाज्य भागात मोडते.

सर्वांत फसवा विलंब मात्र मोजमापात दिसूनही ओळखू येत नाही. प्रोसेसर पूर्ण वेळ राबत असतो, पण प्रत्येक फाइलसाठी त्याच सामाईक शीर्षक-फाइली पुनःपुन्हा वाचत असतो. जणू ग्रंथाच्या प्रत्येक पानाआधी संपूर्ण प्रस्तावना वाचावी. त्यांतील एका ओळीच्या दुरुस्तीनेही हजारो फाइलींचे पुनर्संकलन ओढवू शकते. २०२२ च्या जानेवारीत इंगो मोल्नार यांनी लिनक्सच्या गाभ्यातील हे परावलंबन सोडविण्यासाठी २,२०० हून अधिक बदलांचा प्रस्ताव मांडला. येथे दोष यंत्राचा नसून संहितेच्या रचनेचा होता. घड्याळ विलंबाचे स्थान दाखविते. त्याचे कारण मात्र संहिता वाचूनच कळते.