पुसट झाली, पण पुसली गेली नाहीत

गोंदियाहून डोंगरगडकडे जाताना दरेकसाजवळ खिडकीतून डोंगर दिसू लागतात. याच परिसरात कचारगडची गुहा आहे. गोंड समाजाचे हे श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते. आम्ही एकदा मुलांची सहल तिथे नेली होती. परतताना पाहतो तर आमच्याच एका विद्यार्थ्याने विटेच्या तुकड्याने खडकावर स्वतःचे नाव लिहिलेले. राग आला, पण खडकावर काय काय असू शकते, हे आम्ही तरी मुलांना कधी सांगितले होते?

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितले, तेच इथे लिहितो.

१९५७ साली डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर असेच रेल्वेने जात होते. भोपाळजवळ त्यांना खिडकीतून वेगळ्या घडणीचे खडक दिसले. ते शोधत तिथे पोहोचले आणि भीमबेटकाची चित्रे जगापुढे आली. २००३ मध्ये युनेस्कोने त्या जागेला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

आपल्या विदर्भाजवळही असा ठेवा आहे. जानेवारी २००७ मध्ये अमरावतीचे डॉ. व्ही. टी. इंगोले आणि त्यांच्या निसर्गप्रेमी मित्रांना सातपुड्यात, अमरावती-बैतूल सीमेवरील धारूळ गावाजवळ, खडकांवर प्राचीन चित्रे आढळली. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अभ्यासकांनीही या डोंगरांत काम केले.

अशी चित्रे बहुधा गेरूसारख्या खनिज रंगांची असतात. ऊन, पाऊस, शेवाळ आणि धूर यांनी ती फिकी पडतात. अभ्यासक फोटो काढून संगणकावर रंगांतला बारीक फरक वाढवतात, तेव्हा डोळ्यांना न दिसलेला बैल किंवा शिकारी समोर येतो. एका चित्रावर दुसरे काढलेले असेल, तर खालचे आधीचे, हेही कळते.

चित्र उठून दिसावे म्हणून काही लोक त्यावर पाणी मारतात. क्षणभर ते उजळते. पण पाण्याबरोबर क्षार वर येतात आणि चित्राचे कायमचे नुकसान होते. हात लावणे, खडूने गिरवणे, जवळ चूल पेटवणे, हेही तसेच घातक.

तास संपल्यावर तो मुलगा मान खाली घालून आला. “सर, मी जाऊन माझं नाव धुऊन येऊ?”

“नको बेटा,” आम्ही म्हणालो. “आता जाणकारांना विचारल्याशिवाय त्या खडकाला हात लावायचा नाही.”