राशीआधी मळणी यंत्राकडे पाहा

वाशी, तेरखेडा, पारगाव या भागात सोयाबीनची काढणी झाली, बनीम लागली, की एका मळणी यंत्रामागे दहा शेतकरी फिरू लागतात. वर आभाळ भरून आलेले, मजूर खोळंबलेले आणि नेमके तेव्हाच बेअरिंग जाते. खंडेनवमीला आपण यंत्राला हार घालतो. त्याआधी पाना मात्र कितीजणांनी हातात घेतलेला असतो? ही पाहणी पोळ्याच्या सुमारास, हाताशी सवड असताना करावी.

सुरुवात सफाईने करा. चाळणीखाली गेल्या हंगामातली गुळी आणि दाणे अडकून असतात. ओलाव्याने तिथला पत्रा गंजतो आणि उंदरांना घर मिळते. मग पट्टा उतरवून ड्रम हाताने फिरवा. करकर आवाज आला किंवा शाफ्ट वर-खाली हलला, तर बेअरिंग आताच बदला. ग्रीस भरण्याआधी निपल फडक्याने पुसा, नाहीतर ग्रीसबरोबर धूळही आत जाते. काहीजण हौसेने ग्रीस ठासून भरतात. त्याने सील बाहेर येते आणि पुढे धुळीला वाटच मोकळी होते. चालू हंगामात यंत्र बंद केल्यावर बेअरिंगच्या घराला हात लावून बघावा. कोमट असेल तर चालेल, तळहात ठेववत नसेल तर काहीतरी बिघडले आहे.

पट्टा मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण एक-दोन सेंटिमीटर दबावा. सैल पट्टा घसरून जळतो, फार ताणलेला बेअरिंग खातो. जोडीचे पट्टे जोडीनेच बदला. एकच नवा घातला तर सगळा भार त्याच्यावर येतो. ड्रमचे झिजलेले दातेही असेच. एक बदलला तर समोरचाही तेवढ्याच वजनाचा बसवा, नाहीतर यंत्र थरथरते आणि नट-बोल्ट सैल होतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. ज्या गतीने आपण ज्वारी किंवा गहू करतो, त्या गतीने सोयाबीन करू नये. सोयाबीनचे साल पातळ आणि अंकुर सालीला अगदी लागून असतो. दाणा वरून अख्खा दिसला तरी आतून मार बसलेला असू शकतो. घरचे बियाणे ठेवायचे असेल तर ओलावा 14 टक्क्यांच्या आसपास असताना ड्रमचे फेरे मिनिटाला 400 ते 500 आणि 13 टक्क्यांच्या आसपास 300 ते 400 ठेवावेत. माल जितका वाळलेला, तितकी गती कमी. 2020 च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवले नाही म्हणून मोठ्या प्रमाणावर तक्रारी आल्या होत्या. त्याची कारणे अनेक होती, आदल्या वर्षी काढणीत झालेला पाऊस हेही त्यातले एक. पाऊस आपल्या हातात नाही, पुली आहे.

चालकाची अडचणही खोटी नाही. ट्रॅक्टरची गती कमी केली की पंखाही मंदावतो आणि गुळी दाण्यात उतरते. म्हणून पंखा वेगळ्या पट्ट्यावर असेल तर ड्रमला मोठी पुली बसवणे बरे. पहिल्या पाच-दहा मिनिटांनी यंत्र थांबवून मुठीतले शंभर दाणे मोजा. फुटलेले चार-पाच दिसले तरी गती किंवा जाळीचे अंतर तपासा. मग शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. बियाणे म्हणायचे तर निदान सत्तर उगवले पाहिजेत.

माल टाकायच्या तोंडाला छोटे पाळणे लावून, कव्हर काढून काम उरकण्याची सवय फार वाईट. हे पाळणे किमान 90 सेंटिमीटर लांब आणि त्यातले 45 सेंटिमीटर वरून झाकलेले असावे, म्हणजे हात ड्रमपर्यंत पोचत नाही. मळणी यंत्रांसाठी 1983 चा केंद्रीय कायदा आहे, पण रात्री अकरा वाजता बनिमीजवळ कायदा नसतो. ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ. शाफ्टवर कव्हर हवेच. उपरणे, पदर, ओढणी कमरेला खोचून घ्या. तोंड तुंबले तर आधी ट्रॅक्टर बंद, मग हात.

हंगाम संपल्यावर पट्टे उतरवून सावलीत टांगा. आणि बेअरिंगचे व पट्ट्याचे नंबर ऑइलपेंटने यंत्राच्या पत्र्यावर लिहून ठेवा. रात्री दुकानदाराला फोन करताना तेवढेच विचारले जाते.